क्लबच्या .22 रायफलीसाठी क्लीनिंग रॉड : एक प्रकरण अभ्यास

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका छोट्या शूटिंग क्लबने मला बोलावलं ते बॅरल बदलायचं का, हे विचारायला. रॉडचा, म्हणजे बॅरल आतून साफ करायच्या सळईचा, विषय त्यांच्या डोक्यातही नव्हता. क्लबकडे जर्मन बनावटीची एक जुनी .22 टार्गेट रायफल आहे, दुसऱ्या हाताने घेतलेली. तिच्यावर तीन-चार मुलं आळीपाळीने 50 मीटरचा सराव करतात. त्यांतली सर्वांत तयारीची मुलगी प्रोनमध्ये, म्हणजे पोटावर झोपून, आधी दहाच्या वर्तुळात सहज ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) बसवायची. आता तीच मुलगी, तीच गोळी, तोच लॉट, आणि ग्रुप आडवा पसरून नवाच्या रेघेपर्यंत जायचा. मध्येच एखादी गोळी कारण नसताना बाहेर पडायची.

50 मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ 10.4 मिमी व्यासाचं असतं आणि नवाचं 26.4 मिमी. गोळीचं भोकच साडेपाच मिमीच्या पुढे. इतक्या बारीक हिशोबात रायफलने दोन मिमी इकडेतिकडे केलं तर मुलीला वाटतं की आपलाच श्वास चुकला. ती स्वतःला बोल लावत होती, आणि मला सगळ्यांत जास्त टोचलं ते हेच. कोच सरांनी तिला पुन्हा एअर रायफलवर बसवून पाहिलं, तिथे स्कोअर पक्का. म्हणजे गडबड रायफलीत होती. सरांचा निष्कर्ष होता, "बॅरल संपलं." नवं बॅरल परदेशातून मागवायचं तर परवाने, खर्च आणि हंगाम हातचा जाणं, तिन्ही आलं.

मी आधी विचारलं, "साफ कशाने करता?"

कपाटातल्या तीन वस्तू

कपाटातून तीन वस्तू निघाल्या. तीन तुकड्यांचा, आट्यांनी जोडायचा ॲल्युमिनियमचा रॉड, रायफलीबरोबरच आलेला. साधारण चार मिमी जाडीचा पोलादी रॉड, 10 मीटर एअर रायफलसाठी घेतलेला. आणि एक जुनी पुलथ्रू, म्हणजे वजन लावलेली दोरी, तिच्या टोकाला फलालीनच्या चिंध्या अडकवायचा फासा.

हे असं का जमलं, ते समजण्यासारखं आहे. जिल्ह्यातल्या बहुतेक मुलांची सुरुवात एअर रायफलने होते. 2010 मध्ये कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या. 2024 मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ऑलिंपिकचं कांस्य आणलं. हे दोन्ही प्रकार .22 चे, त्यामुळे या क्लबनेही मुलांना 50 मीटरवर न्यायचं ठरवलं. रायफल आली, गोळ्या आल्या, पण साफसफाईच्या सवयी एअर रायफलच्याच राहिल्या. एअर रायफलमध्ये दारू जळत नाही, प्रायमर (दारू पेटवणारा स्फोटक) नसतो. साफसफाईच्या फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, दोन-चार गोळ्या ढकलल्या की काम होतं. .22 मध्ये प्रत्येक शॉटबरोबर शिसं, मेण, काजळी आणि प्रायमरचा कठीण अवशेष असं सगळं मिळून बॅरलमध्ये बसतं, आणि सर्वांत घट्ट बसतं ते चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, लगेच पुढे.

पुलथ्रू मात्र दुसऱ्या वाटेने आली होती. क्लबमध्ये येणारे एक निवृत्त सुभेदार आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांचा आग्रह पुलथ्रूचा. "पलटणीत सगळ्या रायफली ह्याच्यावरच साफ व्हायच्या. दोरी आत वाकत न्हाई, रॉड वाकतो." त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. .303 लीएनफिल्डच्या दस्त्यातच पुलथ्रू आणि तेलाची कुपी ठेवायची जागा असायची, आणि एनसीसीत .22 हाताळलेल्या कोणालाही चिंधी ओढणं आठवत असेल. पुलथ्रू चेंबरकडून तोंडाकडे जाते, म्हणजे दिशा आपोआप बरोबर राहते. तिचा दोष वेगळा आहे. दोरी मळली की तिच्यात बारीक रेती बसते, आणि तोंडातून तिरकी ओढली की दरवेळी एकाच बाजूला घासते. जुन्या .303 वर अशी दोरीने पडलेली खाच आर्मररांना, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्यांना, चांगली ओळखीची होती. शिवाय चेंबरपुढचं कडक कडं चिंधीच्या एका फेरीने हलत नाही.

आधी बॅरल पाहिलं

बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) काढला, चेंबर रिकामं असल्याची खात्री केली, गोळ्यांचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवायला सांगितला, आणि मगच बोअरस्कोप, म्हणजे बॅरल आतून पाहायचं उपकरण, आत घातलं. चेंबरच्या पुढे काळं कडं होतं, पूर्ण गोल. त्यापुढच्या बॅरलमध्ये गोळीला फिरकी देणाऱ्या खोबणींच्या कडा छान धारदार होत्या. .22 ची मऊ शिशाची गोळी बॅरलला फारच हळू झिजवते. त्यामुळे बॅरल "संपलं" असं म्हणायला इथे आधार नव्हता.

तोंडाशी गोष्ट वेगळी होती. तिथली गोल कड, म्हणजे क्राउन, गोळीला शेवटचा स्पर्श करते. तो स्पर्श सगळीकडून एकाच क्षणी सुटला पाहिजे. एक बाजू झिजली तर मागून येणारा वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळीला तिरका धक्का देतो. दोन सोप्या खुणा असतात. क्राउनवर काजळीचं फूल उमटतं, जितक्या खोबणी तितक्या पाकळ्या. इथे खालच्या डाव्या बाजूच्या पाकळ्या पसरलेल्या होत्या. दुसरी खूण कान साफ करायच्या कापसाच्या काडीची. ती कडेवरून हळूच आतून बाहेर फिरवली की ओरखडा असेल तिथे कापसाचा तंतू अडकतो. तो त्याच बाजूला अडकला.

मग मी मुलांना नेहमीसारखी साफ करून दाखवायला सांगितली. रायफल टेबलावर आडवी, ॲल्युमिनियमचा रॉड तोंडातून आत, आणि जोर लावताना हात खाली. रॉडचे जोड किंचित वर-खाली होते. प्रत्येक जोडाची पायरी क्राउनच्या त्याच खालच्या डाव्या बाजूला घासत होती. तोंडातून का घालता, असं विचारल्यावर उत्तर मिळालं की मागून घातला तर चीकपीस (गालाचा आधार) आडवा येतो. खरंच येत होता. या जातीच्या टार्गेट रायफलींमध्ये गालाचा आधार इतका उंच असतो की बोल्ट काढल्यावरही रॉड सरळ आत जात नाही. चीकपीस काढावा किंवा उतरवावा लागतो, आणि सराव संपवून बस गाठायची घाई असलेलं मूल ते करणार नाही. त्या रॉडची निवड ज्या कोणी केली असेल त्याने रायफलीचा हा भाग पाहिला नव्हता.

पर्याय, आणि एक घरचा प्रस्ताव

बैठकीला कोच सर, सुभेदार काका आणि दोन पालक होते. त्या मुलीचे वडील फाउंड्रीत सुपरवायझर. त्यांनी लगेच तोडगा काढला. "सर, 304 स्टेनलेसची पाच एमएमची ब्राइट बार आपल्याकडं पडलीय. उद्यमनगरात लेथवर आटे पाडून घेतो, उद्या संध्याकाळी रॉड हातात."

या प्रस्तावावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला, आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही. आटे पाडणं सोपं आहे. अवघड आहे ते एक मीटरभर लांबीत रॉड सरळ असणं आणि वाकवल्यावर पुन्हा सरळ होणं. बाजारात मिळणारं मऊ स्थितीतलं 304 थोड्या जोराने वाकतं आणि वाकलेलंच राहतं. चांगल्या क्लीनिंग रॉडचं पोलाद स्प्रिंगसारखं कडक केलेलं असतं. शिवाय पृष्ठभाग. ड्रॉइंगच्या, म्हणजे बार ओढून बनवताना पडलेल्या, बारीक रेघा असलेला बार बॅरलमध्ये हजार वेळा मागे-पुढे करायचा नाही. वडिलांना हे पटलं, कारण धातूचं काम त्यांचं रोजचं. पण त्यांचं लेथचं कौशल्य दुसऱ्या जागी कामी आलं, ते पुढे येईलच.

वाकण्याचं थोडं गणित मी फळ्यावर मांडलं. रॉडचं टोक अडकलं आणि आपण मागून दाबलं, तर रॉड किती जोराला मधून फुगेल? दोन्ही टोकं नुसती टेकलेली आणि 85 सेंमी भाग मोकळा धरला, तर 5 मिमीचा भरीव पोलादी रॉड साधारण साडेआठ किलोच्या दाबाला फुगायला लागतो. त्याच जाडीचा ॲल्युमिनियमचा साधारण तीन किलोला, कारण त्याचा ताठपणा पोलादाच्या सुमारे एकतृतीयांश. चार मिमीचा पोलादी साडेतीन किलोला. ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो, म्हणून एक मिमी कमी झाला की निम्म्याहून जास्त ताठपणा जातो. घट्ट चिंधी ढकलताना मूल सहज चार-पाच किलो जोर लावतं. म्हणजे कपाटातले दोन्ही रॉड प्रत्येक वेळी बॅरलच्या आत धनुष्याकार होत होते. एअर रायफलचा रॉड .22 मध्ये "जातो" म्हणून वापरायचा, ही सवय मला आणखी बऱ्याच क्लबांत दिसली आहे, आणि ती मोडायलाच हवी.

या गणिताची दुसरी बाजू जास्त उपयोगाची. मोकळा भाग निम्मा केला की रॉड चौपट जोर सोसतो. म्हणून दुसऱ्या हाताची बोटं रॉडला सैल आधार देत ठेवली आणि छोट्या टप्प्यांनी ढकललं, तर मुलाच्या हातूनही रॉड फुगत नाही.

मग एकसंध रॉडांमधली निवड राहिली. कार्बन फायबरचा रॉड वाकून राहत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण त्याला टवका गेला तर तंतू सुटतात, आणि दहा हातांत फिरणाऱ्या रॉडला टवका जाणारच. एकट्याची रायफल असलेल्या, काळजीपूर्वक वागणाऱ्या शूटरला मी तो आनंदाने सुचवेन. नायलॉनचं आवरण असलेला पोलादी रॉड बॅरलला मऊ लागतो, पण आवरण कुठे खरवडलं तर तिथे रेती रुतून बसते आणि ती दिसत नाही. साधा, गुळगुळीत, कडक स्टेनलेस रॉड पुसला की स्वच्छ होतो आणि वाकला की दिसतो. या क्लबमध्ये वस्तूची अवस्था डोळ्यांना दिसणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं. पोलाद पोलादाला घासेल ही भीती पालकांनी बोलून दाखवली. माझं मत असं की मध्यावर धरलेला स्वच्छ पोलादी रॉड हा तिरक्या, मळक्या मऊ रॉडपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. तो मध्यावर धरण्याचं काम बोअर गाईडचं.

बोअर गाईड म्हणजे बोल्टच्या जागी बसणारी नळी. रॉड तिच्यातून सरळ चेंबरमध्ये उतरतो, खोबणींच्या सुरुवातीला घासत नाही, आणि सॉल्व्हंट (मळ विरघळवणारं द्रव) ट्रिगरमध्ये झिरपत नाही. गाईड नसलेला रॉड म्हणजे अर्धीच खरेदी. गाईड घ्यायला पैसे नसतील तर मी रॉडही थांबवायला सांगतो.

मापं

रायफलीजवळ पट्टी घेऊन बसलो. बॅरल 66 सेंमी, त्याच्यामागे ॲक्शन (बोल्ट बसतो तो भाग) सुमारे 19, आणि गाईडचं मागे डोकावणारं टोक 8 सेंमी, म्हणजे चीकपीस थोडा खाली केला की रॉड मोकळा जाईल इतकं. एकूण 93. ब्रश तोंडातून पूर्ण बाहेर येऊन तो हाताने फिरवून काढता यायला रॉडचं टोकही दीड-दोन सेंमी बाहेर दिसलं पाहिजे. म्हणून 36 इंची, म्हणजे 91 सेंमीचा रॉड इथे कमी पडतो. तो घेतला असता तर ब्रश आतूनच उलट दिशेने मागे ओढावा लागला असता, तारा मोडल्या असत्या, आणि मुलं पुन्हा तोंडातून घालायला लागली असती. उपलब्ध मापांत पुढचं 44 इंची होतं, 112 सेंमी. त्याहून लांब नको, कारण मोकळी लांबी वाढली की रॉड फुगण्याचा धोकाही वाढतो.

जाडी पाच मिमी. .22 च्या बॅरलमध्ये खोबणींमधल्या समोरासमोरच्या उंचवट्यांमधलं अंतर साडेपाच मिमीच्या आसपास असतं, म्हणजे प्रत्येक बाजूला पाव मिमी जागा. मूठ बेअरिंगची, मोकळी फिरणारी. .22 च्या खोबणी साधारण 16 इंचात, म्हणजे 40.6 सेंमीत एक वेढा घेतात, तर 66 सेंमीत ब्रश दीडपेक्षा जास्त वेढे फिरतो. मूठ फिरली नाही तर ब्रश खोबणींवरून आडवा सरकतो, त्या साफ होत नाहीत, आणि जोडलेला जॅगही (चिंधी धरणारं टोक) सैल पडतो.

आट्यांचाही घोळ होऊ शकतो. अमेरिकी रॉडांवर .22 आणि त्यापुढच्या मापांसाठी 8-32 चे (8 नंबरच्या जाडीचे, इंचात 32) आटे जास्त चालतात, .17 च्या बारीक रॉडवर 5-40 चे. युरोपीय आणि जुन्या ब्रिटिश रॉडांचे आटे वेगळे. क्लबकडचे ब्रश आणि जॅग दोन वेगवेगळ्या घराण्यांचे निघाले. रॉड, जॅग, कांस्य ब्रश, सगळं 8-32 मध्येच घ्यायचं ठरलं. अडॅप्टर मी मुद्दाम टाळला, कारण प्रत्येक अडॅप्टर हा आणखी एक जोड, आणि जोडांनीच इथे नुकसान केलं होतं.

गाईड मुलीच्या वडिलांनी केला. डेल्रिन नावाच्या कडक प्लास्टिकच्या दांडक्यातून, बोल्टच्या मापाचा बाहेरचा व्यास, आत 5.3 मिमीचं भोक, पुढचं टोक चेंबरला हलकं टेकणारं. पहिला नमुना एका बाजूला किंचित सैल होता, दुसरा अचूक बसला. क्राउन मात्र त्यांना लेथवर घेऊ दिला नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे शस्त्राची दुरुस्ती परवाना असलेल्यानेच करायची असते. कारागीर कितीही कसबी असला तरी रायफल उद्यमनगरात नेता येत नाही, हे पालकांना स्पष्ट सांगावं लागलं.

एकेक गोष्ट बदलत

सर म्हणाले, क्राउनही लगेच करून टाकू. मी थांबवलं. दोन्ही एकदम केलं असतं तर ग्रुप कशाने सुधारला ते कळलं नसतं, आणि पुढच्या वेळी क्लबला कारण शोधता आलं नसतं.

आधी फक्त साफसफाई. सॉल्व्हंट लावून चेंबरपुढचं कडं भिजू दिलं, मग कांस्य ब्रश गाईडमधून. तो तोंडातून बाहेर आला की तिथेच फिरवून काढायचा, रॉड रिकामा मागे घ्यायचा, पुसायचा आणि पुन्हा जोडायचा. शिशाच्या गोळीसाठी तांबं काढणारं अमोनियाचं सॉल्व्हंट लागतच नाही. त्याने पितळी जॅगच विरघळायला लागतो आणि चिंधी निळी-हिरवी होऊन बॅरल मळकं असल्याचा भास होतो. चिंध्या स्वच्छ येईपर्यंत दुपार गेली. कडं एका बैठकीत पूर्ण गेलं नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा भिजवावं लागलं. जोर लावून ते खरवडायचा मोह मुलांना होत होता. तिथे धीर धरणं हेच काम होतं.

स्वच्छ बॅरलमधून सुटलेल्या पहिल्या गोळ्या धरायच्या नसतात. गोळीवरच्या मेणाचा थर बॅरलमध्ये पुन्हा बसेपर्यंत त्या इकडेतिकडे जातात. त्या सोडून मुलीने त्याच लॉटवर नेम धरला. अचानक बाहेर जाणाऱ्या गोळ्या थांबल्या. आडवा पसारा मात्र राहिला, थोडा कमी झालेला. म्हणजे कारणं दोन होती आणि त्यांतलं एक गेलं होतं.

त्यानंतर परवानाधारक गनस्मिथने क्राउन नव्याने कापला. काजळीचं फूल पुन्हा चारी बाजूंनी सारखं आलं, ग्रुप गोल झाला आणि दहामध्ये परतला. बॅरल तेच आहे. मुलीला सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं की चूक तुझी नव्हती. ते सांगणं मला रॉडाइतकंच गरजेचं वाटलं.

क्लबची आताची पद्धत

एकसंध रॉडचा शत्रू म्हणजे कपाटाचा कोपरा. भिंतीला टेकवून ठेवला की धक्का लागून तो वाकू शकतो. आता तो मुठीकडून खिळ्याला टांगलेला असतो, आणि प्रवासात पीव्हीसी पाइपमध्ये जातो. अधूनमधून तो काचेच्या टेबलावर गडगडवून पाहतात. खाली प्रकाशाची फट दिसली तर तो वापरातून बाद. प्रत्येक फेरीनंतर रॉड पुसायचा, ही एकच सूचना कपाटाच्या दारावर लावली आहे. पावसाळ्यात शेवटची चिंधी हलक्या तेलाची, आणि पुढच्या सरावाआधी एक कोरडी.

ॲल्युमिनियमचा रॉड टाकून दिला. चार मिमीचा एअर रायफलीच्या कप्प्यात गेला, त्यावर लाल पट्टी. पुलथ्रू काकांच्या आग्रहाने राहिली, आणि माझी त्याला हरकत नव्हती. स्पर्धेच्या गावी पावसात रायफल भिजली आणि रॉड जवळ नसला तर ओल काढायला ती हवीच. अट एवढीच की दोरी नवी, धुतलेली, आणि ओढताना बॅरलच्या रेषेत सरळ. ते कसं ओढायचं हे मुलांना काकाच शिकवतात, आणि उत्तम शिकवतात.

चेंबरपुढचं कडं पुन्हा किती वेगाने धरतं, ते हंगामाच्या शेवटी बोअरस्कोपने पाहायचं आहे. क्लबने शॉटची वही सुरू केली आहे. त्यावरून कांस्य ब्रश किती शॉटनंतर लागतो आणि मधल्या काळात नुसत्या चिंधीवर किती भागतं, हे या रायफलीपुरतं ठरेल. तोपर्यंत दुसऱ्या .22 रायफलीची खरेदी झाली, तर रॉड हाच चालेल, गाईड मात्र तिच्या ॲक्शनच्या मापाचा वेगळा करावा लागेल. डेल्रिनचं दांडकं वडिलांनी आधीच जास्त लांबीचं आणून ठेवलं आहे.